देवाला न चालणारी झुडपं

आमची बिल्डिंग आणि कंपाउंडची भिंत यांच्यामध्ये मातीचा एक पट्टा आहे. लांबी बिल्डिंगएवढी, रुंदी मी दोन्ही हात पसरले तर तेवढी. डोंबिवलीत तळमजल्यावर आम्ही राहायला आलो तेव्हा त्यात बिल्डरने टाकलेलं डबर होतं. विटांचे तुकडे, चुना, गंजक्या सळया, संडासाचं एक फुटकं भांडं. दोन वर्षं मी घमेल्याने ते उपसत होते. उपस म्हणून कुणी सांगितलं नव्हतं. त्यामुळे थांब म्हणूनही कुणी सांगू नये, असं माझं म्हणणं होतं. म्हणणं मनातल्या मनात. तोंडाने मी तेव्हा कुणाशीच बोलत नव्हते.

जिन्याखाली कुणी समोर आलं तर तो माणूस वर जाईपर्यंत मी भिंतीला चिकटून उभी राहायचे. माझी शाळा चौथीपर्यंत. खडवली स्टेशनपासून आत आमचं गाव. गावातली शाळा चौथीला संपायची आणि पुढची नदीपलीकडे होती. मुलीला पावसाळ्यात नदीपलीकडे कोण धाडणार? चारचौघांत बोलायचं म्हटलं की ते मनात यायचं. आपलं काहीतरी चुकेल, लोक हसतील. पण झाडांचं मला कळतं. ते पाचवीतही कुणी शिकवत नव्हतं.

पट्टा एवढासा, पण सगळीकडे सारखा नव्हता. पूर्वेच्या टोकाला दुपारपर्यंत ऊन यायचं. आमच्या खिडकीखाली बाराही महिने सावली. न्हाणीघराचा पाइप गळायचा तिथे कायम चिखल. मागच्या टोकाला भिंत तापायची आणि माती भाकरीसारखी वाळून फुटायची. आधी मी एक सबंध वर्ष काहीच लावलं नाही. नुसतं ऊन कुठे येतं, कुठून जातं ते बघत बसले. शेजारणींना वाटलं, हिचा उत्साह मावळला.

मग झाडं निवडली, ती माझ्या पद्धतीने. लोक नर्सरीत जातात आणि फुललेलं रोप उचलून आणतात. एकाच दिवशी सहा आणली की सहाही एकाच महिन्यात फुलतात आणि एकाच महिन्यात गप्प बसतात. मी कल्याणच्या रस्त्यावरच्या नर्सरीत दर दोन महिन्यांनी जायचे आणि त्या दिवशी जे फुललेलं असेल त्यातलं एकच घ्यायचे. चैत्रात गेले तेव्हा मोगरा आणला. ज्येष्ठात अनंत. श्रावणात सोनटक्क्याचा कंद, तो त्या गळक्या पाइपाखाली लावला. दिवाळीनंतर कोरांटी, पौषात कुंद. जास्वंद आणि तगर वर्षभर फुलतात म्हणून त्या दोघी मधल्या जागी, घरातल्या कर्त्या बायकांसारख्या. नर्सरीवाला म्हणायचा, “बाई, एकदाच काय ते घेऊन जा ना, फेरे कशाला मारता?” मी मान हलवायचे आणि एकच रोप घेऊन निघायचे.

तांदूळ धुतलेलं पाणी, भाजी धुतलेलं पाणी, सगळं पट्ट्यात. नळाचं पाणी मी झाडांना कधी घातलं नाही. त्यावरून कुणी बोट दाखवू नये म्हणून.

हे सगळं मार्गी लागलं आणि बिल्डिंगमध्ये स्कूटरी आल्या.

सत्त्याऐंशी-अठ्ठ्याऐंशीची गोष्ट असेल. आधी एक, मग तीन, मग सात. उभ्या करायला जागा नाही. सोसायटीची वार्षिक मीटिंग गणपती झाल्यावर गच्चीवर व्हायची. त्या वर्षी सेक्रेटरींनी विषय काढला की तळमजल्याच्या बाजूच्या पट्ट्यावर कोबा करून स्कूटरी लावू. सेक्रेटरी दुसऱ्या मजल्यावर राहायचे, ठाण्याला नौपाड्यात बँकेत होते. माणूस वाईट नव्हता. पण त्यांची स्कूटर नवी होती.

मीटिंगला आमचे हे गेले होते. कारखान्यात पाळीची नोकरी, त्या दिवशी सुट्टी होती. खाली येऊन मला सांगितलं, “ते म्हणाले, ती कसली बाग, आम्हाला तर रोज काड्याच दिसतात. एक वर्ष बघू म्हणाले. बारा महिने बाग दिसली तर राहील. नाही दिसली तर पुढच्या मीटिंगनंतर कोबा. तसं मिनिटबुकात लिहिलंय.”

“मग तुम्ही काय म्हणालात?”

“मी काय म्हणणार? मान डोलावली.”

त्या दिवशी भाकऱ्या मी जरा जोरातच थापल्या.

काड्या! माझ्या पट्ट्यात तेव्हा तगर होती, जास्वंद होती, सोनटक्का इतका की न्हाणीघरात वास यायचा. पण सेक्रेटरी खोटं बोलत नव्हते, हे मला दुसऱ्याच दिवशी कळलं. ते साडेआठला स्कूटर काढायचे. मी खिडकीच्या गजांतून, त्यांना दिसतं तेवढंच बघितलं. खरंच काड्या होत्या. फुलं सातच्या आत संपलेली असायची.

पहाटे परड्या घेऊन बायका यायच्या. सगळ्यात आधी सेक्रेटरींची आई. बिल्डिंगमध्ये सगळे तिला आजीच म्हणायचे. पांढरं नऊवारी लुगडं, पायात मुलाच्या जुन्या चपला. तिच्यामागून पहिल्या मजल्यावरच्या दोघी, मग शेजारच्या बिल्डिंगमधली एक. जास्वंदीचं तर विचारूच नका. तिच्या कळ्या आदल्या संध्याकाळीच तोडून, ओल्या फडक्यात गुंडाळून फ्रिजमध्ये ठेवायची पद्धत होती, म्हणजे सकाळी गणपतीपुढे ताज्या उमलतात. माझी जास्वंद रोज फुलत होती, पण वरच्यांच्या फ्रिजमध्ये.

आणि यात मी कुणाला दोष देऊ? देवाच्या फुलाला विचारायचं नसतं, अशीच आमच्याकडे रीत. लहानपणी गावात मीही दुसऱ्यांच्या कुंपणातली फुलं काढलीत. कुणी ओरडलं की “देवाला!” म्हणायचं, समोरचा गप्प. देवाला जाणाऱ्या फुलाचा हात धरू नये, हे आईने शिकवलेलं. एकदा मी मुद्दाम पहाटे खिडकीशी उभी राहिले. म्हटलं, मला बघून तरी दोन झाडावर ठेवतील. आजीने मान वर करून बघितलं.

“झोप येत नाही वाटतं गं? वय झालं की होतं तसं,” म्हणाली आणि शेवटची तगर काढून परडीत टाकली. मी तेव्हा पस्तिशीचीही नव्हते.

मार्गशीर्ष आला तेव्हा कोरांटी ऐन भरात होती. मनात म्हटलं, कोरांटी एवढी फुलते की कितीही काढली तरी उरेल. पण मार्गशीर्षातले गुरुवार मी विसरले होते. लक्ष्मीच्या कलशात पाच झाडांच्या डहाळ्या लागतात. गावाकडे आंबा, फणस, चिकू असं काय काय असतं. डोंबिवलीत कुठून आणणार? पहिल्या गुरुवारी सकाळी मी दार उघडून बाहेर आले तर फुलं गेली होतीच, डहाळ्याही गेल्या होत्या. तगर अर्धी, अनंताचा शेंडा मोडलेला, कुंदाच्या कळ्या फांद्यांसकट. सोळा बिऱ्हाडांत लक्ष्मी बसली होती आणि सगळीकडे माझा पट्टा थोडा थोडा बसला होता.

साडेआठला सेक्रेटरी आले. किक मारता मारता थांबले.

“काय वहिनी, बकरी पाळलीत की काय?”

मी खिडकीतून मागे झाले. आत ओट्याशी येऊन उभी राहिले. रडू आलं नाही. उलट डोकं एकदम स्वच्छ झालं. मी निवडलेली सगळी झाडं चांगल्या घरची होती. वास, रूप, नाव, सगळं देवाला आवडणारं. म्हणूनच माझ्याकडे काही राहत नव्हतं. बारा महिने दिसायचं असेल तर ज्याला देव हात लावत नाही असं काहीतरी पाहिजे.

संक्रांतीला माहेरी गेले. भावाच्या बांधावर घाणेरी माजलेली असते. तिचं फूल एका गुच्छात हळदीसारखं पिवळं आणि कुंकवासारखं लाल असतं, पण पानं चुरगळली की उग्र वास. जनावरं तोंड लावत नाहीत, देवाला कुणी वाहत नाही. मी कुदळ घेऊन मुळांसकट चार झुडपं खणली. भावजय कमरेवर हात ठेवून बघत होती.

“वन्सं, अवो आम्ही कोयत्यानं तोडून तोडून दमलो आन् तुम्ही ती डोंबिवलीला नेताय?”

“हो.”

“तिकडं काय मिळत नाय का?”

“हीच मिळत नाही.”

“मंग सगळीच न्या की. बैलगाडी जुंपायला सांगते.” तिचा भाऊ आला होता, तोही हसला. मी पोत्यात झुडपं बांधली, वर ओली माती थापली. गावात अजून चार दिवस ते पुरलं असेल त्यांना हसायला.

नर्सरीतून या खेपेला मी दोन वस्तू एकदम आणल्या. नियम मोडला. एक बोगनवेल, कुंडीत वाढलेली, काटेरी. नर्सरीवाला म्हणाला, “हिला पाणी कमी घाला. जितकी उपाशी ठेवाल तितकी फुलेल.” ती मागच्या तापलेल्या टोकाला गेली. दुसरी क्रोटन, पिवळ्या-तांबड्या ठिपक्यांच्या पानांची, आमच्या खिडकीखालच्या सावलीत. पानालाच रंग असला की फुलाची वाट बघावी लागत नाही. माहेरून अडुळसाही आणला होता, पण तो पहिल्या वर्षी नुसता उभा राहिला. झाडं सगळीच आपलं ऐकतात असं नाही.

घाणेरी लावत होते तेव्हा आजी परडी घेऊन आली. वाकून बघितलं, नाकाला पदर लावला.

“हे काय लावलंस? शी! हे देवाला चालत नाही गं.”

“म्हणूनच,” मी म्हटलं.

एकच शब्द, पण तो मोठ्याने बाहेर पडला. आजी बघतच राहिली.

“अगं बाई! तुला बोलता येतं की. मला वाटलं, मुकी आहेस.” मग हसत हसत कुंदाच्या उरल्यासुरल्या कळ्या काढून गेली.

फाल्गुन हा माझा सगळ्यात अवघड महिना. दर वर्षी पट्टा तेव्हा उघडा पडायचा. कोरांटी, कुंद संपलेले, मोगऱ्याला अजून कळी नाही, तगरीची चार फुलं पहाटेच परडीत, आणि जास्वंदीला नेमका तेव्हा किडीचा पांढरा कापूस लागतो. मी तंबाखूचं पाणी मारायचे, तरी एक महिना ती आजारीच असायची. त्या फाल्गुनात मात्र बोगनवेल भिंतीवर चढून राणी रंगात पेटली. घाणेरीने मूळ धरून पहिले गुच्छ काढले. खिडकीखाली क्रोटन. एका सकाळी सेक्रेटरींनी स्कूटर स्टँडवरून काढली आणि किक मारायची विसरले.

“वहिनी, छान आहे हो हे. लाल-पिवळं. नाव काय याचं?”

मी आत होते. उत्तर दिलं नाही. त्यांना घाणेरी माहीत नव्हती. शहरात वाढलेला माणूस. मला त्या दिवशी सणवार नसतानाही पुरणपोळी करावीशी वाटली.

तेव्हापासून दर महिन्याला काहीतरी दिसत राहिलं. पावसात बोगनवेल हिरवीगार होऊन रुसली, पण घाणेरी दुप्पट झाली. मी तिला दर पंधरवड्याला कात्रीने छाटायचे, फळं धरू द्यायचे नाही. फळ धरलं की झाड फुलायचं थांबतं आणि बियाही चौफेर पडतात. तोडलेले शेंडे दारात पडले की बायका नाकं मुरडायच्या. “वास काय मारतोय! बाग आहे की गावाची वेस?” असं एक जण जिन्यातून मला ऐकू जाईल इतक्या बेताने म्हणाली. तीच बाई सकाळी परडी घेऊन यायची.

देवाची फुलं देवाला जात होती. मी कुणाचा हात धरला नाही.

गणपती झाले आणि मीटिंगची नोटीस लागली. मीटिंग रविवारी संध्याकाळी पाचला होती आणि यांची दुसरी पाळी आली. बदली करून मिळते का बघितलं, मिळाली नाही.

“जाऊ दे,” हे म्हणाले. “फाल्गुनापासून रोज दिसलंय त्यांना. काय व्हायचं ते होईल. तू कशाला जातेस? सभासद मी आहे. तुला बोलूही देणार नाहीत.”

मी डबा भरून दिला. हे गेल्यावर साडी बदलली आणि गच्चीवर गेले.

सगळे सतरंजीवर होते. आजीला गुडघ्यांमुळे खुर्ची. मी पाण्याच्या टाकीला टेकून उभी राहिले, जिन्यात भिंतीला चिकटायचे तशीच.  पट्ट्याचा विषय सगळ्यात शेवटी आला.

सेक्रेटरी म्हणाले, “पहिले काही महिने सोडले तर रोज काहीतरी दिसलं, हे मी मान्य करतो. खोटं बोलणार नाही. पण दिसलं काय? मी चौकशी केली. ती लाल-पिवळी फुलं म्हणजे घाणेरी. रानात उगवते ती. रंगीत पानं, काटेरी वेल. याला बाग कोण म्हणेल? फूल म्हणजे कसं, देवाला वाहता आलं पाहिजे. तसं फूल या पट्ट्यात बारा महिने कुणी बघितलं का? सांगा.”

 पहिल्या मजल्यावरच्या दोघी सतरंजीचा धागा काढत होत्या. बघितलं नाही कसं म्हणणार? आणि बघितलं म्हणावं तर कधी बघितलं, पहाटे तिथे काय करत होता, ते आलं. ज्यांच्या ज्यांच्या देव्हाऱ्यात माझी तगर होती ते सगळे गच्चीच्या कठड्याकडे बघत होते.

“मग कोबा करायला हरकत नाही,” सेक्रेटरींनी पेन उघडलं.

“तुमच्या देवाला आज कुठलं फूल वाहिलंत?”

हे मी विचारलं होतं. मलाच कळायला थोडा वेळ लागला.

सेक्रेटरींनी मान वर केली. “वहिनी, मीटिंगमध्ये सभासदांनी बोलायचं असतं.”

“आज सकाळी. तुमच्या देवाला.” आवाज फाटला, पण मी पुन्हा विचारलं.

“म्हणजे? आमच्याकडे फुलपुडी येते.” ते आईकडे वळले. “येते ना गं, आई?”

आजीने खुर्चीत नीट बसून घेतलं. “फुलपुडी बंद करून सहा वर्षं झाली.”

“मग?”

“मग काय मग? तगर होती आज. दोन जास्वंदी. तिच्याकडच्या. काल सोनटक्का होता, तोही तिचाच. थंडीत कोरांटी, कुंद. उन्हाळ्यात मोगरा. तू रोज डोळे मिटून नमस्कार करतोस, बघणार कसा?”

आधी एक जण हसलं, मग सगळी सतरंजी हसली. सेक्रेटरींच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. पहिल्या मजल्यावरची एक जण हसता हसता म्हणाली, “आमच्याकडेही तिचीच हो. गुरुवारची डहाळीसुद्धा.” दुसरी म्हणाली, “मी दोनच काढते पण.” “दोन मुठी!” आजी म्हणाली.

सेक्रेटरींनी पेन खाली ठेवलं. माणूस वाईट नव्हता, हे मी आधी लिहिलंच आहे. ते म्हणाले, “ठीक आहे. पट्टा राहील. स्कूटरी आपण गेटपाशी दाटीवाटीने लावू. पण वहिनी, मग ती घाणेरी तेवढी काढून टाका. आता तिचं काय काम? देवाची फुलं आहेत ना बारा महिने, सगळ्यांनी कबूल केलंय.”

सगळ्यांना ते पटलं. माना हलल्या. आजीसुद्धा म्हणाली, “हो गं, काढ ती. वास मारते.” मलाही वाटलं, हो म्हणावं आणि खाली पळावं. आयुष्यात मी एवढं बोललेच नव्हते, आणखी बोलायची ताकद नव्हती. पण फाल्गुनात चांगली झाडं कुणी संपली होती, कुणी आजारी पडली होती, तेव्हा पट्टा कुणी सांभाळला? देवाची फुलं कबूल व्हायला वर्ष लागलं. ते वर्ष मला हिने दिलं होतं. उपऱ्या बाईकडून वर्षभर काम करून घ्यायचं आणि सण आला की तिला मागच्या दाराने काढायचं, तसं झालं असतं ते.

“नाही,” मी म्हटलं.

“अहो, पण आता गरज काय?”

“नाही काढणार. काढायची तर सगळंच काढा. तगरही काढा, जास्वंदही काढा. करा कोबा.”

 आजीने माझ्याकडे बघितलं, मग मुलाकडे.

“राहू दे रे तिची घाणेरी,” ती म्हणाली. “उद्या मला तगर कोण देणार?”

सेक्रेटरींनी लिहिलं. काय लिहिलं ते मला दिसलं नाही. पण हात बराच वेळ चालला होता. मी सगळ्यांच्या आधी जिना उतरले. मधे वरच्या मजल्यावरचे एक जण भेटले, मीटिंगला उशिरा निघालेले. मी भिंतीला चिकटले नाही. तेच जरा बाजूला झाले.

सकाळी हे चहा पिता पिता म्हणाले, “काल काय ठरलं मग?”

“घाणेरी राहिली.”

“आणि बाकीची?”

“बाकीची राहणारच होती,” मी म्हटलं आणि कात्री घेऊन बाहेर गेले. शेंडे छाटायला झाले होते.